एका दिवसाचा दांत आणि तीन महिन्यांचें हाड

म्हातारपणाचीं लक्षणें सांगतांना केंस पिकणें आणि दांत पडणें हीं जोडीनें सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु केंस पिकले म्हणून कोणाचें जेवण अडत नाहीं. दांत गेले म्हणजे मात्र माणूस हळूहळू पंक्तींतून उठतो. एकत्र कुटुंबांत हें इतक्या संथपणें घडतें कीं कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. आधीं आजी भाकरीची कड सोडूं लागते, मग कोशिंबीर नको म्हणते, आणि पुढें "तुम्ही बसा, मला घाई नाहीं" असें म्हणून सर्वांच्या मागून भात कालवून घेते. हंसतांना तोंडावर पदर येतो. घरच्या मंडळींस वाटतें, वयच झालें! पण यांतला बराच भाग वयाचा नसून दुर्लक्षाचा असतो, आणि तो सुधारण्यासारखा असतो.

कल्याणच्या पुढें कर्जतच्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें एकामागून एक लागतात. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागीं फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. अंबरनाथास शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख असलेलें शिवमंदिर आहे. बदलापुरास तर मुंबईच्या चाळींतून निघालेलीं कितीतरी कुटुंबें गेल्या कांहीं दशकांत स्थिरावलीं आहेत. एके काळीं दांतांचें मोठें काम निघालें कीं येथील माणसास गाडी धरून मुंबई गांठावी लागे. आज या तिन्ही ठिकाणीं दंतवैद्यांच्या पाट्या जागोजाग दिसतात, आणि त्यांवर कवळी, कॅप, रूट कॅनाल यांच्या जोडीला "इम्प्लांट" हा शब्दहि असतो. एका दिवसांत दांत बसवून देण्याचें आश्वासनहि आतां नवें राहिलेलें नाहीं.

हें आश्वासन खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. तें पुरें कसें करावें, इतकेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

इम्प्लांट म्हणजे काय, तें आधीं पाहूं. गेलेल्या दांताच्या जागीं जबड्याच्या हाडांत टायटेनियम धातूचा एक लहानसा, आटे असलेला खुंट बसवितात. तो दांताच्या मुळाचें काम करतो. त्यावर एक जोडतुकडा आणि त्याच्यावर दांताच्या आकाराची कॅप चढवितात. कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असते, म्हणून ती हलते आणि टोंचते. ब्रिज करावयाचा तर शेजारचे धडधाकट दांत घासून बारीक करावे लागतात. इम्प्लांट शेजाऱ्यास त्रास देत नाहीं, आणि हाडासहि कामांत ठेवतें. दांत काढल्यावर तेथील हाड ओस पडलेल्या घरासारखें खचूं लागतें. पहिल्या वर्षांतच त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटूं शकते. म्हणून "पुढें पाहूं" म्हणत वर्षें ढकलणें अखेर महाग पडतें.

या विद्येचा इतिहास मौजेचा आहे. मध्य अमेरिकेंतील होंडुरास देशांत १९३१ सालीं सुमारें इ. स. ६०० च्या काळचा जबड्याचा एक तुकडा सांपडला. त्यांत दांतांच्या जागीं शिंपल्याचे तीन तुकडे बसविलेले होते. म्हणजे कल्पना जुनीच. अडलें होतें तें हाडाशीं जमणाऱ्या पदार्थापाशीं. १९५२ च्या सुमारास पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे स्वीडिश संशोधक सशाच्या पायाच्या हाडांत टायटेनियमची बारीकशी डबी बसवून रक्ताभिसरण न्याहाळीत होते. प्रयोग संपल्यावर ते डबी काढूं गेले, तों ती निघेना. हाड धातूशीं एकजीव झालें होतें! या बंधनाचा त्यांनीं पुढें कित्येक वर्षें अभ्यास केला, आणि १९६५ सालीं गोथेनबर्ग येथें गोस्टा लार्सन या गृहस्थांच्या खालच्या जबड्यांत चार खुंट बसविले. लार्सन २००६ सालीं वारले. तोंपर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें, ते खुंट काम देत राहिले.

ब्रोनेमार्क यांचा नियम कडक होता. खुंट बसवावा, वरून हिरडी शिवून टाकावी, आणि खालच्या जबड्यास तीन महिने, वरच्यास सहा महिने विश्रांति द्यावी. मगच दांत चढवावा. पुढें खुंटांचा पृष्ठभाग खडबडीत करण्याच्या युक्त्या निघाल्या, हाडाची उंची-जाडी तिन्ही बाजूंनीं दाखविणारा सी. बी. सी. टी. स्कॅन आला, आणि निवडक रोग्यांस त्याच दिवशीं किंवा एकदोन दिवसांत तात्पुरता दांत देतां येऊं लागला. यास तीन गोष्टी जमाव्या लागतात. हाड पुरेसें व दाट असावें. त्या जागीं पू किंवा सूज नसावी. आणि खुंट बसवितांनाच घट्ट पकडला जावा. ही पकड मोजतां येते, आणि ती सुमारें ३५ न्यूटन-सेंटिमीटर भरली तर बहुतेक दंतवैद्य पुढें जातात. न भरली तर थांबावें हेंच शहाणपण, आणि जो दंतवैद्य "आज नको" म्हणून सांगतो त्याच्यावर रुसूं नये.

आतां मुख्य गोष्ट. पहिल्या दिवसाची पकड ही भिंतींत ठोकलेल्या खुंटीची पकड असते. एकजीव झालेल्या हाडाची नव्हे. खुंटाभोंवतालचें जुनें हाड शरीर आपण होऊनच थोडें थोडें काढून टाकतें आणि त्या जागीं नवें घडवितें. जुनें निघालेलें आणि नवें पुरतें न आलेलें, असा एक नाजूक काळ मध्यें येतो. तो साधारणतः तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराचा. त्या वेळीं पकड पहिल्या दिवसाहूनहि सैल असते. अशांत चावण्याच्या जोरानें खुंट एक-दशांश मिलिमीटरहून थोडा अधिक जरी वारंवार हलला, तरी त्याच्याभोंवतीं हाडाऐवजीं मऊ तंतूंचें वेष्टन तयार होण्याचा धोका असतो. आणि मग तो खुंट बहुधा काढूनच टाकावा लागतो.

दुर्दैव असें कीं, नेमक्या याच आठवड्यांत रोग्यास सर्व कांहीं उत्तम वाटत असतें. दुखणें थांबलेलें असतें, टांके निघालेले असतात, आरशांत दांत छान दिसत असतो. घरांतील मंडळी कौतुकानें म्हणतात, "आतां दांत आले, खा कीं चकली!" प्रेमानें केलेला हा आग्रहच घात करतो. म्हणून सर्वांनीं एक खूणगांठ बांधावी: पहिल्या दिवशीं मिळालेला दांत दिसण्यासाठीं आहे, खाण्यासाठीं नव्हे. एकटा दांत असेल तर दंतवैद्य तो मुद्दाम किंचित् आंखूड ठेवतो, समोरच्या दांतास टेकूं देत नाहीं. सबंध जबड्याचे दांत चार-सहा खुंटांवर एकत्र जोडून बसविले असतील तर भार वांटला जातो खरा, परंतु पथ्य तेथेंहि सुटत नाहीं.

हें पथ्य सांभाळणें स्वयंपाकघराच्या हातीं आहे. मऊ भात व मेतकूट, मुगाची खिचडी, सांजा, शिरा, पेज, उकडलेल्या भाज्या, दुधांत कुसकरलेली पोळी यांवर दोन-तीन महिने सुखानें निघतात. चकली, कडबोळें, डिंकाचा लाडू, भाजलेलें कणीस, ऊस, चणे आणि सुपारी यांची गांठ या काळांत पडूं देऊं नये. शक्य तर आणखी दोघां-तिघांनीं तेंच मऊ अन्न सोबतीनें खावें. म्हणजे ज्याचें पथ्य त्यास एकटें वाटत नाहीं.

सर्वांनाच इम्प्लांट मानवतें असेंहि नाहीं. मधुमेह आटोक्यांत नसेल तर आधीं तो आटोक्यांत आणावा. तंबाखू, मशेरी व विडी यांनीं जखम भरण्यास अडथळा येतो. हाडें ठिसूळ झाल्याबद्दल पुष्कळ वयस्क स्त्रियांस आठवड्याची गोळी किंवा वर्षाचें इंजेक्शन चालूं असतें. त्यांतील कांहीं औषधांनीं जबड्याचें हाड भरून न येण्याचा धोका असतो. तें दंतवैद्यास न विसरतां सांगावें, आणि आपल्या मनानें औषध बंद करूं नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेंहि तसेंच.

खर्चाचा विचार टाळून चालणार नाहीं. एका दांतास कित्येक हजार रुपये लागतात, आणि सर्व दांत गेलेल्या वृद्धांस "माझ्यासाठीं एवढे कशाला?" असें वाटतें. त्यांच्यासाठीं एक मधला मार्ग आहे. खालच्या जबड्यांत केवळ दोन खुंट बसवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवितां येते. २००२ सालीं कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठांत जमलेल्या तज्ज्ञांनीं, खालच्या जबड्यांत एकहि दांत नसलेल्यांसाठीं हाच पहिला पर्याय मानावा, असें मत दिलें. सबंध जबड्यास पक्के दांत बसविण्याहून हा खर्च पुष्कळच कमी असतो. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय आहे. शंका असेल तर एक दिवस काढून तेथील सल्ला घ्यावा.

पैसे देण्यापूर्वीं घरांतील एका जाणत्या माणसानें सोबत जावें आणि पांच गोष्टी विचाराव्या. दंतवैद्याची राज्य दंत परिषदेंत नोंद आहे काय? स्कॅन काढून हाड मोजलें आहे काय? खुंट कोणत्या बनावटीचा, आणि त्याच्या वेष्टनावरील क्रमांकाची चिठ्ठी मिळेल काय? सांगितलेल्या रकमेंत कायमची कॅप धरली आहे काय? आणि खुंट न धरल्यास पुढें काय? या प्रश्नांनीं चांगला दंतवैद्य रागावत नाहीं.

शेवटीं एक सांगणें अवश्य आहे. नैसर्गिक दांताच्या मुळाभोंवतीं तंतूंची एक पातळ गादी असते. तीमुळें भातांतला बारीक खडाहि जाणवतो. इम्प्लांटला ती गादी नाहीं. त्याला कीड लागत नाहीं, पण सभोंवारची हिरडी सुजून हाड झिजूं शकतें. म्हणून दोन वेळां दांत घासणें, फटी साफ ठेवणें आणि ठराविक मुदतीनें तपासणी करविणें हें जन्माचें काम आहे. त्यामुळें जो दांत अजून वांचविण्याजोगा आहे, तो केवळ नव्याच्या हौसेनें काढून टाकूं नये. इम्प्लांट हें गेलेल्या दांताच्या जागेसाठीं आहे, असलेल्या दांताच्या जागेसाठीं नव्हे.