चौऱ्याण्णवचा आकडा

बँकेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण आकडा दिसला की त्याच्याकडे संशयाने पाहायची सवय काही गेलेली नाही. दुधाच्या बिलाचीसुद्धा मी दोनदा बेरीज करतो, अशी आमच्या सौभाग्यवतींची जुनी तक्रार आहे. तक्रार खरी आहे. आणि तरीही २०२५ च्या मे महिन्यात एक आकडा तीन आठवडे रोज माझ्या डोळ्यांसमोर होता, मी तो स्वतःच्या हाताने वहीत उतरवत होतो, पण तो काय सांगतोय हे मला कळलं नाही. त्या तीन आठवड्यांत आमच्या घरात एका निरपराध माणसाला शिक्षा झाली. त्या माणसाचं वय चौदा वर्षं.

आमचं घर साताऱ्यात. १९९६ साली बँकेच्या कर्जावर बांधलेलं. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आमची खोली, वर दोन खोल्या. भिंती नऊ इंची विटांच्या, मध्ये भक्कम स्लॅब. त्या भिंतींतून कधी वाय-फायला वाट काढावी लागेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून सून आणि नातू राहायला आले आणि इथेच रमले. मुलगा नोकरीसाठी पुण्यात राहतो, शनिवार-रविवारी येतो. सूनबाई घरूनच काम करते. चित्रफितींचं संकलन करायचं आणि तयार झालेली फाईल ज्याची त्याला धाडायची. एकेक फाईल वीस-वीस जीबीची, आणि दुरुस्त्या निघाल्या की दिवसातून चार-चार वेळा जाणारी.

तिच्यासाठी आम्ही घरात ‘मेश’ बसवलं. मेश म्हणजे जाळं. एकच मोठा राउटर ठेवण्याऐवजी घरात दोन-तीन लहान खोकी ठेवायची आणि त्यांनी मिळून सगळ्या घराला इंटरनेट पुरवायचं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर हॉलमधलं खोकं ही मुख्य शाखा आणि वरचं खोकं हे एक्स्टेंशन काउंटर. काउंटरवर कितीही चटपटीत माणूस बसवा, रोकड मुख्य शाखेतूनच यायची. ही ने-आण खोकी हवेतूनही करू शकतात. पण मध्ये आमचा स्लॅब. म्हणून जिन्याच्या भिंतीवरून अठरा मीटर तार नेऊन दोन्ही खोकी जोडली आणि सूनबाईचा संगणकही वरच्या खोक्याला तारेनेच लावला. आमची योजना सेकंदाला ३०० मेगाबिटची, येण्याची आणि जाण्याचीही. आठ बिटांचा एक बाइट होतो, हे लक्षात घेऊन हिशेब केला तर वीस जीबीची फाईल नऊ-दहा मिनिटांत जायला हवी. दोन वर्षं तशी ती जात होती.

मे महिन्यात तिला अर्धा तास लागू लागला.

एका संध्याकाळी काम वेळेवर पोचलं नाही आणि सूनबाईला फोनवर चार शब्द ऐकून घ्यावे लागले. रात्री ताटं वाढताना ती शांतपणे म्हणाली, “बाबा, हे असंच राहिलं तर जूनपासून आम्हाला पुण्याला जागा बघावी लागेल. त्याची शाळाही तिकडेच बघू.” ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. शांतपणे बोललेलं आम्हा दोघा म्हाताऱ्यांना फार लागलं.

इंटरनेट कंपनीचा मुलगा येऊन गेला. त्याने हॉलमधल्या फायबरच्या डबीला लॅपटॉप लावून दाखवला. वेग पूर्ण होता. “काका, आमच्याकडून सगळं येतंय. घरात कुणी गेम वगैरे खेळतं का?”

खेळतो की! नातवाला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि दिवसभर हॉलमध्ये त्याचे खेळ चालले होते. सुट्टी लागली आणि वेग पडला. दोन गोष्टी एकाच आठवड्यात सुरू झालेल्या. एवढा पुरावा मला पुरला. सगळ्यांसमोर मी त्याला सुनावलं, “तुझ्या खेळापायी तुझ्या आईची नोकरी जायची वेळ आली आहे!” खेळ बंद. पोरगं एक अक्षर बोललं नाही, उठून गच्चीवर गेलं.

मी एक वही केली. पहिल्या पानावर ‘कारण : गेम’ असं लिहिलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ वरच्या संगणकावर वेग मोजून त्यात लिहू लागलो. ९४.१. ९३.८. ९४.२. ९४.०. खेळ बंद होऊन आठवडा झाला तरी आकडा तोच. चोर तुरुंगात आणि चोऱ्या चालूच! पण एकदा निकाल दिला की पुराव्याकडे पुन्हा बघायला माणूस तयार नसतो. मी म्हटलं, लपून खेळत असेल.

शेवटी नातूच वही घेऊन आला. म्हणाला, “आजोबा, मी काल गंमत म्हणून वरच्या खोक्याला खालून येणारी तार काढली. मग आईच्या संगणकावर वेग मोजला. वाढला.”

“तार काढल्यावर वाढला?”

“हो. एकदा १४०, एकदा १७२, एकदा ११८. आणि तार लावली की परत ९४.”

तार नसताना वरचं खोकं नाइलाजाने हवेतून, स्लॅबमधून रोकड आणत होतं, आणि तरी तारेपेक्षा जास्त आणत होतं. मी वहीकडे पाहिलं. हवेचे आकडे वरखाली होत होते. तारेचा आकडा मात्र पहाटे असो, रात्री असो, घरात चार माणसं असोत की एक, ९४ च्या आसपासच. आणि मला एकदम १९८७ सालची एक रात्र आठवली.

मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत नवा अधिकारी होतो. बचत खात्यांच्या लेजरची जुळणी चालली होती आणि चोपन्न रुपयांचा फरक येत होता. लेजर लिहिणारा कारकून तरुण होता, नुकतंच लग्न झालेला. त्याच दिवशी तो लवकर जाऊ का म्हणून विचारून गेला होता. मी त्याला सर्वांदेखत बेफिकीर ठरवलं आणि सगळी खाती पुन्हा तपासायला बसवलं. त्याची शेवटची एसटी गेली. रात्री दहाच्या सुमारास आमचे वयस्क हेडक्लार्क म्हणाले, “साहेब, चोपन्नला नवाने भाग जातो. कुठेतरी दोन आकड्यांची उलटापालट झाली असेल. माणूस नका शोधू, नोंद शोधा.” शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले की फरकाला नेहमी नवाने भाग जातो, हे हिशेबाच्या धंद्यातलं जुनं शहाणपण. पंधरा मिनिटांत सापडलं. १,२९३ चे १,२३९ झाले होते. लेजरमध्ये रक्कम बरोबर होती. जुळणीच्या यादीत ती चुकली होती, आणि यादीतलं अक्षर माझं होतं.

मी “ठीक आहे, निघा आता” एवढंच म्हणालो. तो कारकून पुढे बदलून गेला. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

तर आकडे बोलतात. गर्दीमुळे वेग कमी होत असेल तर तो गर्दीबरोबर वरखाली होतो. पण आकडा एकाच जागी खिळून बसला असेल तर तिथे कुठलीतरी हद्द आहे. मग ९४ ही कसली हद्द?

या तारेच्या पद्धतीला इथरनेट म्हणतात. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी तिची कल्पना एका टिपणात मांडली. १९९५ साली तिचा सेकंदाला १०० मेगाबिटचा प्रकार प्रमाणित झाला आणि १९९९ साली तांब्याच्या तशाच तारेवरून १,००० मेगाबिटचा. त्या एका तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. जुन्या १०० च्या पद्धतीला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लागतात. हजाराच्या पद्धतीला चारही लागतात. आता निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली, तर पुष्कळ यंत्रं काम थांबवत नाहीत. दोन्ही टोकं आपसांत समजुतीने शंभरावर येतात आणि गुपचूप कारभार चालू ठेवतात. तक्रार नाही, सूचना नाही. शंभरातले पाच-सहा पत्ते-पाकिटांच्या खर्चात जातात आणि हाती उरतात चौऱ्याण्णव. नवाने भाग जावा तशी ही खूण आहे. तारेने जोडलेल्या संगणकावर वेग ९४-९५ च्या पुढे हटूनही जात नसेल, तर दोष बहुतेक बाहेर नसून घरातच असतो.

आजोबा-नातू मग बँकेच्या पद्धतीने तपासणीला बसलो. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. आधी संगणक खाली हॉलच्या खोक्याला मीटरभर तारेने जोडला : २८९. म्हणजे संगणक निर्दोष आणि मुख्य शाखाही. मग वरचं खोकं खाली आणून त्याच छोट्या तारेने मुख्य खोक्याला जोडलं आणि संगणक त्याला लावला : २८७. काउंटरही निर्दोष. काही स्वस्त खोक्यांना तारेची खाचच १०० ची असते, तो संशयही इथे फिटला. मग संगणक थेट जिन्यातल्या लांब तारेला लावला. ९४! विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या पानावर जोडणीचा वेग दिसतो, तो नातवाने उघडून दाखवला. एरवी तिथे १,००० असतात, आता १०० होते. वेग मोजत न बसता पहिल्याच दिवशी संगणक थेट या लांब तारेला लावून हे पान उघडलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

वायरिंगचं काम करणारा ओळखीचा मुलगा दोन तुकड्यांचा एक छोटा टेस्टर घेऊन आला. एक तुकडा खाली, एक वर. एक ते आठ दिवे ओळीने लागतात. सहापर्यंत लागले, सातवा लागला नाही, आठवा लागला. सात म्हणजे तपकिरी जोडीतली एक तार. नातू जिन्यावरून तार बोटांनी चाचपत वर गेला आणि वळणाच्या जरा वर थांबला. “आजोबा, ही क्लिप बघा.”

क्लिपेचा खिळा तारेच्या कडेतून आत गेला होता. एप्रिलच्या अखेरीस घराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याने तार सोडवून ठेवली होती. रंग वाळल्यावर ती पुन्हा कुणी ठोकली? मीच. स्टुलावर चढून, हौसेने, कुणाला हात लावू न देता. सुट्टी लागली त्याच आठवड्यात. दोन नव्हे, तीन गोष्टी एकदम सुरू झाल्या होत्या. तिसरी माझी होती म्हणून मला दिसली नव्हती.

नवी तार काहीशे रुपयांत आली. ती शुद्ध तांब्याची घेतली, कारण अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त पडते पण ठिसूळ असते. विजेच्या तारांपासून ती दूर ठेवली आणि क्लिपा नातवाने बसवल्या. वर वेग आला २८८. त्या संध्याकाळची फाईल दहा मिनिटांत गेली, आणि पुण्याच्या जागेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असं झालं तर एक सांगतो. मेशच्या वरच्या खोक्यात तार खुपसली म्हणजे आपण तारेवर आलो असं समजू नका. ते खोकं स्वतः हवेतून रोकड आणत असेल तर आपली तार ही शेवटच्या हातभर अंतराचीच. मुळापासून सुरुवात करा, एकेक टप्पा पुढे जा, आकडा लिहा. आणि तोपर्यंत घरातल्या कुणाचंही नाव घेऊ नका.

आरोप सर्वांसमोर केला होता, म्हणून माफीही जेवणाच्या वेळी सर्वांसमोर मागितली. चौदा वर्षांच्या मुलाला ती ऐकतानाही अवघडल्यासारखं झालं. तो ताटात बघत म्हणाला, “आजोबा, वहीत लिहा ना.”

बँकेत चुकीची नोंद खरवडून काढत नाहीत. तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, ती खालून वाचता आली पाहिजे. शेजारी बरोबर नोंद करायची आणि सही करायची. मी वही मागवली. ‘कारण : गेम’ वर रेघ मारली. शेजारी लिहिलं, ‘कारण : जिन्यातली क्लिप. ठोकणारा : मी.’ खाली सही केली.

नातवाने वाकून पाहिलं आणि म्हणाला, “तारीख राहिली, आजोबा.”