उमेदवारांचे दोष तोलताना : एक वैचारिक विवेचन

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
– आरोप, गुन्ह्याची नोंद आणि दोषसिद्धी या शब्दांतील भेद सांगता येईल;
– प्रतिस्पर्धी उमेदवारांचे नैतिक दोष तोलण्याच्या कसोट्या स्पष्ट करता येतील;
– निवडणूककाळातील लेखन व भाषणे चिकित्सकपणे वाचता-ऐकता येतील.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, निवडणुकीचे दिवस आले की शिरपूरच्या बाजारपेठेत, एसटी स्थानकावर किंवा शेताच्या बांधावर दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले वाक्य, ‘सगळे सारखेच.’ त्यालाच जोडून ‘उडदामाजी काळेगोरे’ ही म्हण येते. दुसरे वाक्य, ‘दगडापेक्षा वीट मऊ.’ पहिल्या वाक्याने निवड करण्याचे कष्ट वाचतात. दुसऱ्या वाक्यात निवड केलेली असते, पण दगड कोणता, वीट कोणती आणि हे कोणत्या मापाने ठरले, हे सांगितलेले नसते. कापूस विकायला नेणारा शेतकरी काटा तपासल्याशिवाय माल उतरवत नाही. उमेदवारांचे दोष तोलताना मात्र आपण काट्याकडे पाहतोच असे नाही.

हा काटा कसा असावा, याचा विचार या घटकात करावयाचा आहे. त्यासाठी २००७ सालची राष्ट्रपतिपदाची निवडणूक उदाहरण म्हणून घेतली आहे. त्या निवडणुकीतील एक उमेदवार खान्देशच्या होत्या. त्यामुळे उमेदवारांबरोबर आपल्या स्वतःच्या आपुलकीचीही परीक्षा येथे होते.

३. २००७ ची निवडणूक

राष्ट्रपतीची निवड जनता थेट करीत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५४ नुसार संसदेचे आणि राज्य विधानसभांचे निवडून आलेले सदस्य हे मतदान करतात. महाराष्ट्रातील एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. २००७ मध्ये एका खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ होते. मतदान गुप्त असते आणि पक्षाचा आदेश येथे बंधनकारक नसतो. म्हणजे शिरपूरच्या नागरिकाच्या हाती या निवडणुकीची मतपत्रिका नव्हती, पण त्याच्या आमदाराच्या आणि खासदाराच्या हाती होती. त्या प्रतिनिधींना जाब विचारावयाचा, तर आपले मत आधी तयार असावे लागते.

संयुक्त पुरोगामी आघाडी व डाव्या पक्षांच्या उमेदवार होत्या श्रीमती प्रतिभाताई पाटील. त्यांचा जन्म १९३४ साली जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे झाला. १९६२ मध्ये त्या जळगावमधून विधानसभेवर निवडून आल्या आणि पुढे एदलाबाद मतदारसंघाचे त्यांनी दीर्घकाळ प्रतिनिधित्व केले. उमेदवारीच्या वेळी त्या राजस्थानच्या राज्यपाल होत्या. त्यांच्यासमोर भैरोसिंह शेखावत अपक्ष म्हणून, राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या पाठिंब्याने उभे होते. ते तीन वेळा राजस्थानचे मुख्यमंत्री झाले होते आणि त्या वेळी देशाचे उपराष्ट्रपती होते. १९ जुलै रोजी मतदान झाले. श्रीमती पाटील यांना ६,३८,११६ आणि शेखावत यांना ३,३१,३०६ मूल्याची मते मिळाली. २५ जुलै २००७ रोजी भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपतींचा शपथविधी झाला.

या प्रचारात दोन्ही बाजूंनी उमेदवारांच्या चारित्र्यावर बोट ठेवले गेले. श्रीमती पाटील यांनी जळगावात स्थापन केलेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला होता. या बँकेतून नातेवाइकांना कर्जे व सवलती दिल्या गेल्याचा आरोप विरोधकांनी केला. एका गंभीर गुन्ह्याच्या संदर्भात त्यांच्या एका आप्ताला पाठीशी घातल्याचाही आरोप झाला. हे आरोप त्यांच्या बाजूने नाकारण्यात आले. पडदा पद्धतीचा संबंध मुघल काळाशी जोडणाऱ्या त्यांच्या विधानावर इतिहासाच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतला. दुसरीकडे, शेखावत यांच्या तरुणपणातील पोलीस खात्यातील नोकरीबाबतचे जुने आरोप त्यांच्या विरोधकांनी पुढे आणले.

येथे आपले काम निकाल देण्याचे नाही. असे आरोप समोर आले असता ते कसे तोलावेत, एवढेच पाहावयाचे आहे.

४. तोलण्याच्या कसोट्या

४.१ निश्चितीची कसोटी

मराठीच्या अभ्यासकाने पहिल्यांदा शब्द पाहावा. आरोप, तक्रार, गुन्ह्याची नोंद, अटक, दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती आणि दोषसिद्धी या एका जिन्याच्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. प्रचाराच्या भाषेत त्या सगळ्या पायऱ्या एकाच ‘भ्रष्टाचारी’ या शब्दात बुडून जातात. कायदा मात्र त्या वेगळ्या ठेवतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार दोषी ठरून दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली, तर व्यक्ती निवडणुकीस अपात्र होते. केवळ आरोपाने ती अपात्र होत नाही.

जळगावच्या बँकेचे उदाहरण घेऊ. परवाना रद्द होणे ही नोंदलेली घटना आहे. त्याला संस्थापक व्यक्ती किती जबाबदार होती, हा आरोपाचा भाग आहे. एकाच वाक्यात या दोन्ही गोष्टी आल्या की पहिलीची निश्चिती दुसरीला नकळत चिकटते. वाचकाने त्या सोडवून वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. याचा अर्थ, सिद्ध न झालेला आरोप शून्य वजनाचा मानावा असा नाही. त्याला त्याच्या पुराव्याइतके वजन द्यावे, त्याहून अधिक नाही.

४.२ कर्तेपणाची कसोटी

दोष कोणाचा आहे? उमेदवाराचा, त्याच्या आप्ताचा, की त्याने उभारलेल्या संस्थेचा? भावाचा वा मुलाचा अपराध हा उमेदवाराचा अपराध होत नाही. मात्र आप्ताला वाचवण्यासाठी पदाचा उपयोग केला गेला असेल, तर ते कृत्य उमेदवाराचे स्वतःचे ठरते. म्हणून आप्तांविषयीच्या आरोपात ‘नाते आहे काय’ या प्रश्नावर थांबू नये. ‘उमेदवाराने स्वतः काय केले’ हे विचारावे.

४.३ पदाशी संबंधाची कसोटी

प्रत्येक दोष प्रत्येक पदाला सारखाच घातक नसतो. राष्ट्रपतीला दैनंदिन कारभार चालवावयाचा नसतो. दयेच्या अर्जांवर निर्णय, विधेयक फेरविचारासाठी परत पाठवणे, कोणत्याही पक्षाला बहुमत नसताना सरकार स्थापनेचे निमंत्रण देणे, अशा प्रसंगी या पदाचा कस लागतो. तेथे निःपक्षपातीपणा आणि शब्दांचा तोल लागतो. या कसोटीवर इतिहासाविषयीचे सैल विधान हा नैतिक अपराध नव्हे. तरी राष्ट्रपतीचा शब्द देशाचा शब्द मानला जातो, म्हणून त्याला काही वजन द्यावेच लागते.

याच कसोटीने उमेदवाराचे यापूर्वीचे, तशाच पदावरील वर्तनही पाहावे. राजस्थानच्या राज्यपाल असताना श्रीमती पाटील यांनी तेथील विधानसभेने संमत केलेले धर्मस्वातंत्र्य विधेयक स्वाक्षरी न करता परत पाठवले होते. शेखावत राज्यसभेचे सभापती असताना, २००५ मध्ये, प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात त्या सभागृहाने आपल्या एका सदस्याची हकालपट्टी केली. या घटनांविषयी मतभेद असू शकतात. परंतु राष्ट्रपतिपदासाठी त्या उमेदवाराच्या गावगप्पांहून अधिक बोलक्या आहेत.

४.४ एकाच मापाची कसोटी

‘मापात पाप’ हा आपल्याकडील जुना वाक्प्रचार आहे. ज्या दोषाला विरोधकाच्या पारड्यात शेरभर धरतो, तोच दोष आपल्या माणसाच्या पारड्यात छटाकभर धरणे, हे मापातले पाप होय. ते ओळखण्याचा सोपा उपाय आहे. आरोपाच्या वाक्यातील नाव बदलावे आणि दुसऱ्या उमेदवाराचे नाव तेथे घालावे. आपला निर्णय बदलत असेल, तर दोष तोलला गेला नव्हता, नाव तोलले गेले होते.

२००७ मध्ये शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही तिने मराठी उमेदवार म्हणून श्रीमती पाटील यांना पाठिंबा दिला. आपल्या मातीतील व्यक्तीने सर्वोच्च पदावर बसावे ही भावना स्वाभाविक आहे. निवडीची अनेक कारणे असू शकतात, त्यांत तिलाही जागा असेल. परंतु तिने दोषाचे वजन कमी होत नाही. अभिमान वेगळा लिहावा, दोष वेगळा लिहावा. उमेदवार खान्देशचा आहे म्हणून आरोप खोटा ठरत नाही, आणि परप्रांतीय आहे म्हणून खरा ठरत नाही.

‘त्यांनीही तेच केले’ हा युक्तिवादही याच कसोटीवर तपासावा. प्रतिस्पर्ध्याचा दोष दाखवल्याने आपल्या उमेदवाराचा दोष धुतला जात नाही. तुलनेतून कोणाचा दोष जड आहे एवढेच कळते.

५. निनावी पत्रकाचा धडा : १९६९

आरोपाला सही नसेल तर काय होते, हे पाहण्यासाठी आणखी मागे जाऊ. १९६९ मध्ये नीलम संजीव रेड्डी आणि व्ही. व्ही. गिरी यांच्यात राष्ट्रपतिपदासाठी चुरस झाली. मतदानापूर्वी रेड्डी यांच्या खासगी चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे एक निनावी पत्रक खासदारांमध्ये फिरवले गेले. गिरी निवडून आले. निवडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले, राष्ट्रपती असलेले गिरी स्वतः साक्षीसाठी न्यायालयात गेले, आणि १९७० मध्ये अर्ज फेटाळले गेले. पुढे १९७७ मध्ये हेच रेड्डी राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवडले गेले.

निनावी आरोपाचे उत्तर कोणाला द्यावयाचे हेच कळत नाही, म्हणून तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ ठरतो. आज मोबाइलवर मतदानाच्या आदल्या रात्री येणारा, कर्त्याचे नाव नसलेला संदेश हा त्या पत्रकाचाच वंशज आहे. तो पुढे पाठवणाऱ्याने त्यावर आपली सही केली, असेच समजावे.

या निवडणुकीत तिसरे उमेदवार महाराष्ट्राचे चिंतामणराव देशमुख होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले होते. त्यांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. पहिल्या फेरीत कोणालाच आवश्यक कोटा न मिळाल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. अखेरीस गिरी यांची ४,२०,०७७ आणि रेड्डी यांची ४,०५,४२७ मते झाली.

६. तोलल्यानंतरची निवड

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पसंतिक्रम देता येतो. सर्वांत योग्य कोण आणि तो न निवडून आल्यास त्यातल्या त्यात बरा कोण, ही दोन्ही उत्तरे एकाच मतपत्रिकेवर लिहिता येतात. विधानसभेच्या निवडणुकीत ही सोय नाही. शिरपूर मतदारसंघात आपणांस एकच बटण दाबता येते. २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मिळाला आहे. पण त्या पर्यायाला कितीही मते मिळाली, तरी विधानसभेसाठी उमेदवारांतील सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो.

म्हणून अनेकदा आपणांस दोन सदोष उमेदवारांपैकी एकाला मत द्यावे लागते. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो मत दिल्यानंतर दोष विसरण्यात. मतदान म्हणजे क्षमा नव्हे. ज्याचा दोष जाणून आपण मत दिले, त्याच्या त्या दोषावर पाच वर्षे नजर ठेवण्याची जबाबदारी प्रथम आपली असते, कारण विरोधकाने विचारलेला प्रश्न द्वेषातून आला असे म्हणता येते, पाठिराख्याने विचारलेल्या प्रश्नाला ते उत्तर चालत नाही. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणून वीट उचलणाऱ्याने ती वीटच आहे, हे ध्यानात ठेवावे.

७. सारांश

दोष तोलताना चार प्रश्न विचारावेत : तो कितपत निश्चित आहे, तो कोणाचा आहे, त्याचा पदाशी संबंध काय, आणि दोन्ही पारड्यांना माप एकच आहे काय. निनावी आरोप पुढे पाठवू नये. आपलेपणाचा अभिमान दोषाच्या हिशेबात मिसळू नये. निवड झाल्यावरही दोषाची नोंद पुसू नये.

८. स्वाध्याय

(अ) ‘आरोप’ आणि ‘दोषसिद्धी’ यांतील फरक दैनंदिन वृत्तलेखनातील उदाहरणांसह स्पष्ट करा.
(आ) ‘आप्ताचा दोष उमेदवाराला केव्हा लागतो?’ या प्रश्नाचे सुमारे १५० शब्दांत उत्तर लिहा.
(इ) आपण पाठिंबा दिलेल्या एका उमेदवारावरील एक आरोप निवडा. त्या वाक्यात प्रतिस्पर्ध्याचे नाव घालून पुन्हा वाचा. आपल्या मनात काय बदलले, ते प्रामाणिकपणे नोंदवा. हे उत्तर तपासणीसाठी पाठवावयाचे नाही.