चेन्नईहून बाहेर जाणाऱ्या दोन वाटा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा पहिल्या काही शहरांत मद्रासही होतं. त्या काळी बाहेर जायची वाट बहुधा एकच असे. राउटरला एवढंच सांगायचं: ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही, ते सगळं या दारातून सोड. हाच डिफॉल्ट रूट. दुसरं दार नव्हतं, म्हणून पसंतीचा प्रश्नही नव्हता.

तो प्रश्न समुद्रातून आला. २००२ मध्ये भारती आणि सिंगटेलची आय-टू-आय केबल चेन्नईहून सिंगापूरला पोचली, पाठोपाठ टाटांची. २००५ च्या अखेरीस सी-मी-वी ४ आली. ती मुंबईत आणि चेन्नईत, दोन्हीकडे किनाऱ्याला लागते. कंपन्या दोन-दोन प्रोव्हायडर घेऊ लागल्या. साऱ्या जगाचे रूट पेलायचे तर राउटर महागडा लागतो, म्हणून अनेकांनी दोघांकडून फक्त डिफॉल्ट घेतला. (१२ ऑगस्ट २०१४ ला जगाचे रूट ५,१२,००० च्या पुढे गेले आणि ठिकठिकाणचे जुने राउटर कोलमडले, त्यातून ही मंडळी वाचली.) बीजीपीत, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना वाटा कळवतात त्या प्रोटोकॉलमध्ये, लोकल प्रेफरन्सचा (पसंतीचा) आकडा सहसा १०० असतो. भरवशाच्या लिंकला २०० द्यायचे, दुसरी १०० वर राखीव. मोठा आकडा जिंकतो. वाट किती लांबची, हे त्यानंतर पाहिलं जातं. पाच मिनिटांचं काम.

३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि देशाची पश्चिमेकडची वाट आवळली गेली. सिंगापूरकडे तोंड असलेल्या चेन्नईला तेव्हा पूर्वेचा आधार होता.

मग १२ डिसेंबर २०१६ ला वरदा चक्रीवादळ थेट चेन्नईवर आलं. हजारो झाडं पडली, वीज गेली. समुद्राखालच्या केबलचं नुकसान झाल्याचं एअरटेलने ग्राहकांना कळवलं. २०० आणि १०० या दोन आकड्यांच्या मांडणीतली उणीव नेमकी अशा वेळी उघडी पडते. डिफॉल्ट रूट येतो तो प्रोव्हायडरच्या जवळच्या राउटरकडून. पुढे समुद्रात काहीही होवो, तो राउटर चालू असतो, बीजीपीचं सेशन टिकतं आणि २०० चा आकडा जिंकतच राहतो. घाटात दरड कोसळली आहे, पण फाट्यावरची पाटी जागच्या जागी. गाड्या तिकडेच वळतात. राखीव वाट मोकळी पडून असते.

आकडा ३०० केल्याने हे सुटत नाही. डिफॉल्टसोबत दूरवरचे मोजके रूटही मागून घ्यावेत आणि ते दिसत असतील तोवरच तो डिफॉल्ट मानावा. किंवा सिंगापूरमधल्या एखाद्या पत्त्याला पहिल्या पसंतीच्या लिंकवरून सतत पिंग करावं आणि उत्तरं गळू लागली की पसंती उतरवावी. दोन्ही प्रोव्हायडर शेवटी एकाच केबलवर तर जात नाहीत ना, हेही लेखी विचारावं. माझ्या मते हा प्रश्न आकड्यांच्याही आधीचा.

सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ सी-मी-वी ४ पुन्हा तुटली. चेन्नईचा पावसाळा ऑक्टोबरात सुरू होतो. त्याआधी एका रविवारी पहाटे चाचणी घ्या. फक्त लिंकची वायर उपटू नका, त्या परीक्षेत सगळेच पास होतात. सेशन चालू ठेवा, पुढची वाट अडवा आणि राउटर काय करतो ते पाहा.