गाईची फॅट कशावर ठरते?

गाईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणी. उरलेल्यात फॅट आणि एसएनएफ, म्हणजे प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ धरून काढतात. त्याखाली भरले की कपात.

जात : होल्स्टिन फ्रिजियन (एचएफ) दूध भरपूर देते, फॅट साडेतीनच्या आसपास. जर्सी दूध कमी देते, पण फॅट पाचच्या जवळ. गीर, साहिवाल यांची साधारण साडेचार.

धार : सर्वांत मोठा फरक इथे पडतो. पहिल्या धारांत फॅट १-२ टक्केच असते. फॅटचे कण कासेतल्या बारीक नलिकांत मागे राहतात आणि शेवटी उतरतात, म्हणून शेवटच्या धारांत ती ७-८ टक्क्यांपर्यंतही जाते. या धारा वासराला सोडल्या, तर त्याच गाईचे दूध डेअरीत पातळ लागते.

पान्हा : कास धुऊन सड चोळले की मिनिटभरात ऑक्सिटोसिनमुळे पान्हा सुटतो. जोर पाच-सात मिनिटे टिकतो. धार तेवढ्यात आटोपावी. गाय बुजली तर पान्हा चोरते आणि शेवटच्या धारा कासेतच राहतात.

वेळ : पहाटे ५ आणि दुपारी ४ अशी धार असेल, तर मधले अंतर दिवसा कमी, संध्याकाळच्या दुधाला फॅट जास्त.

चारा : कडबा-वैरण कमी आणि खुराक जास्त झाला की फॅट घसरते.

स्तनदाह : कासेच्या या आजारात एसएनएफवरही परिणाम होतो; दुग्धशर्करा घटते, सोडियम व क्लोराइड वाढतात. दूध खारट लागते.