धार, पाऊस आणि अणुभट्टी

'चेर्नोबिल' या पाच भागांच्या मालिकेत स्फोट आहे, धुमसतं छप्पर आहे, रुग्णालयात अंगाची सालं निघालेले अग्निशमन दलाचे जवान आहेत. पण मलकापूरच्या माणसाला खरी धडकी भरते ती चौथ्या भागाच्या सुरुवातीला. एक म्हातारी गोठ्यात धार काढत बसली आहे. कोवळ्या वयाचा सैनिक येतो आणि गाव सोडायला सांगतो. म्हातारी त्याला आयुष्यभराचा हिशेब ऐकवते: झार, क्रांती, दुष्काळ, जर्मन. कितीजण आले, कितीजणांनी हुसकलं, आपण हललो नाही. तो बादली हिसकावून दूध ओतून देतो. ती पुन्हा आचळाला हात लावते. मग गोळी सुटते आणि गाय कोसळते.

आमच्या शाहूवाडी तालुक्यात दोन वेळच्या धारेवर घरखर्च चालतो. डेअरीत फॅट एका पॉइंटनं कमी लागली तरी माणूस दिवसभर चिडचिड करतो. इथल्या प्रेक्षकाला साहजिकच प्रश्न पडतो, की गाईनं काय केलं होतं?

उत्तर आयोडीन-१३१ मध्ये आहे. अणुभट्टी फुटली की हा किरणोत्सारी पदार्थ हवेत पसरतो आणि गवतावर बसतो. गाय दिवसभर चरते, म्हणजे एवढ्या मोठ्या कुरणावरचं आयोडीन एका कासेत गोळा करते. दूध पोर पितं, आणि पोराची थायरॉइड ग्रंथी ते शोषून घेते. आयोडीनचं अर्धं आयुष्य जेमतेम आठ दिवसांचं. पहिले काही आठवडे दूध बंद ठेवलं असतं तर बराच अनर्थ टळला असता. पण २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर १ वाजून २३ मिनिटांनी स्फोट झाला, आणि शेजारचं सुमारे ४९ हजार वस्तीचं प्रिप्यात शहर रिकामं करायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. लोकांना सांगितलं तीन दिवसांचं. खेड्यांत तर दूध पुढेही प्यायलं जात राहिलं. त्या वेळी लहान असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. उपचारानं बहुतेक वाचले, पण गळ्यावरची शस्त्रक्रियेची खूण कायमची राहिली.

लेखक क्रेग मेझिन आणि दिग्दर्शक योहान रेंक यांची ही मालिका २०१९ ची. तिनं जमवलेली माहिती थक्क करणारी आहे, तरी ती इतिहास म्हणून बघू नये. एमिली वॉटसननं साकारलेली शास्त्रज्ञ काल्पनिक आहे, अनेकांचं मिळून केलेलं एक पात्र. मालिकेचा नायक असलेले शास्त्रज्ञ लेगासोव्ह प्रत्यक्षात अपघाताच्या खटल्यात साक्षीला उभेच नव्हते. मालिकेतलं हेलिकॉप्टर प्रत्यक्षात कोसळलं ते पहिल्या दिवसांत नव्हे, ऑक्टोबरमध्ये. भट्टीखालच्या पाण्यात उतरलेले तिघे लवकरच मरणार असं पडद्यावर वाटत राहतं. प्रत्यक्षात ते जगले, आणि हे मालिकाच शेवटच्या पाट्यांमध्ये कबूल करते. एवढ्या चुका मी माफ करतो, कारण खोटं वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर कसं उतरतं, फोनागणिक आकडा कसा लहान होतो, हे तिनं जसं दाखवलं तसं कुणी दाखवलेलं नाही. कचेरीत कागद हलवलेल्या प्रत्येकाला ते ओळखीचं वाटेल.

पण मालिका जिथं संपते तिथून पुढची एक गोष्ट आमच्या घाटमाथ्याला जास्त लागू आहे. चेर्नोबिलपासून दोन हजारांहून अधिक किलोमीटरवर, ब्रिटनमधल्या वेल्स आणि कम्ब्रियाच्या डोंगरांत त्या मे महिन्यात पाऊस पडला. ढगातून जाणारं किरणोत्सारी सीझियम पावसानं खाली आणलं. कुरणांत मुरलं, मेंढ्यांच्या मांसात उतरलं. तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवरचे शेवटचे निर्बंध उठले ते २०१२ मध्ये. सव्वीस वर्षं! अंतरापेक्षा डोंगर आणि पाऊस यांचा हिशेब मोठा ठरला. आणि डोंगर अडवतो म्हणूनच तर आमच्याकडे आंबा-विशाळगडाच्या पट्ट्यात पाऊस कोसळतो.

मलकापुरातून येळवण जुगाईच्या बाजूनं अणुस्कुरा घाट उतरलं की पाचल, ओणी, मग राजापूर, आणि पुढे खाडीच्या तोंडाशी जैतापूर. त्या परिसरातल्या माडबनला प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट, असा मूळ आराखडा होता. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी आले तेव्हा त्याचे करार झाले. तीन महिन्यांनी जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात घडला. १८ एप्रिल २०११ ला साखरी नाटे इथं आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात एकाचा जीव गेला. भट्टी मात्र अजून एकही उभी राहिलेली नाही. पक्ष्याच्या उड्डाणानं माडबन आमच्यापासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, आणि नेमकं नैर्ऋत्येला. जूनमध्ये वारा कुठून येतो ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

याचा अर्थ तिथं चेर्नोबिल होईल असा कुणी काढू नये. चेर्नोबिलच्या भट्टीभोवती काँक्रीटचं भक्कम कवच नव्हतं. माडबनसाठी ठरलेल्या फ्रेंच बनावटीच्या ईपीआर भट्टीला दुहेरी कवच असतं, वितळलेलं इंधन झेलायची खास जागाही असते. माझं म्हणणं इतकंच, की बाधित क्षेत्राचं वर्तुळ नकाशावर कंपासनं काढता येत नाही, आणि पडद्यावरची नाटकं बहुधा कंपासच्या टोकाशीच घुटमळतात.

जपानचंच बघा. 'फुकुशिमा ५०' हा २०२० चा चित्रपट आणि नेटफ्लिक्सवरची 'द डेज' ही २०२३ ची आठ भागांची मालिका, दोन्हींत एक प्रमुख पात्र तेच: केंद्रप्रमुख मासाओ योशिदा. एकात केन वातानाबे, दुसऱ्यात कोजी याकुशो. भट्टीत समुद्राचं पाणी सोडणं थांबवा, असं वरून सांगितलं गेलं, योशिदांनी ते मानलं नाही आणि पाणी चालूच ठेवलं. प्रसंगच असा की कॅमेरा नियंत्रणकक्षातून बाहेर निघायला तयार होत नाही. बाहेर दीड लाखाच्या आसपास माणसं घरं सोडून चालली होती.

आपल्याकडे मात्र उलटं आहे. अपघातावरचं नाट्य नाही, पण माणसांवरचा माहितीपट आहे. मराठीत 'प्रकल्पग्रस्त' हा शब्दच बघा. ग्रहण लागावं तसा प्रकल्प लागतो, त्यासाठी काही फुटावं लागत नाही. चांदोलीच्या धरणानं उठवलेल्यांना आमच्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या, देशातल्या सर्वांत जुन्या. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. भाभा अणुसंशोधन केंद्रात अभियंता म्हणून काम केलेल्या प्रदीप इंदुलकरांनी 'हाय पॉवर' हा छोटा माहितीपट केला तो या माणसांवर, आणि २०१३ मध्ये रिओच्या युरेनियम चित्रपट महोत्सवात तो गौरवला गेला. त्याआधी आनंद पटवर्धनांच्या 'जंग और अमन' या माहितीपटाला सेन्सॉरनं एकवीस कट सुचवले होते. मुंबई उच्च न्यायालयानं २००३ मध्ये तो एकही कट न देता मोकळा केला. पोखरणपासून जादुगोडाच्या खाणीपर्यंत आणि थेट हिरोशिमापर्यंत तो जातो.

ही दोन्ही कामं बघताना छातीत धडधड होत नाही. माणसं बोलतात, गप्प होतात, पुन्हा बोलतात. रविवारी रात्री घरच्यांना समोर बसवून लावावं असं त्यात काही नाही, आणि म्हणूनच ती कमी बघितली गेली असावीत.

जाता जाता पुन्हा गाय. मे २०११ मध्ये फुकुशिमाच्या वीस किलोमीटरच्या आतली गुरं मारून टाकायचा सरकारी आदेश निघाला. नामिए गावातल्या मासामी योशिझावा यांनी तो धुडकावला. केंद्रापासून चौदा किलोमीटरवरच्या त्यांच्या गोठ्यात तीनशेहून जास्त गुरं होती. मांस विकता येणार नाही, कत्तलखाना घेणार नाही, खाटीक दारात येणार नाही. तरी ते रोज वैरण टाकत राहिले.