सार्वजनिक व्याख्यान आणि संवाद : 'आयुका' ते हिंगोली

प्रस्तावना

महाराष्ट्रात सार्वजनिक व्याख्यानाची परंपरा जुनी आहे. न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच्याही कितीतरी आधी कीर्तनाने गहन विषय लोकभाषेत मांडले. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे गाव हिंगोली जिल्ह्यातच आहे. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसराची 'लायगो-इंडिया' या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी निवड झाली आहे. त्यामुळे संशोधन संस्था व सर्वसामान्य समाज यांच्यातील संवादाचा प्रश्न येथील महाविद्यालयांपुढे प्रत्यक्ष उभा आहे. प्रस्तुत लेखात या संवादाचे स्वरूप व त्याची आवश्यकता स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

'आयुका'ची परंपरा

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये पुणे येथे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच 'आयुका', स्थापन केले. संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी संशोधनाबरोबरच विज्ञानप्रसारालाही संस्थेच्या कार्यात स्थान दिले. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शालेय विद्यार्थ्यांसाठी होणारी व्याख्याने आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी सर्वांसाठी खुला होणारा परिसर, हे उपक्रम त्यातून रुजले.

डॉ. नारळीकरांची एक पद्धत येथे विशेष उल्लेखनीय ठरते. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत आणि स्वाक्षरीसह त्याचे उत्तर देत. व्याख्यान संपल्यानंतर श्रोत्याच्या मनात उरणारा प्रश्न हा त्यांच्या दृष्टीने व्याख्यानाचाच पुढील भाग होता.

लायगो-इंडियाचा संदर्भ

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंगस्टन येथील लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहरींची पहिली प्रत्यक्ष नोंद केली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती जाहीर झाली आणि त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियास तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. प्रकल्पाचा अंदाजित खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये आहे. प्रकल्पातील प्रमुख संस्थांपैकी 'आयुका' ही एक होय. लहरी आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आल्या हे ठरविण्यासाठी परस्परांपासून दूर असलेल्या अनेक वेधशाळा लागतात. अमेरिका, इटली व जपान यांच्या जोडीला भारतातील वेधशाळेचे महत्त्व यामुळेच आहे.

संवादाची आवश्यकता

लायगोच्या काटकोनातील दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतात. त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म असा फरक लेसर किरणांच्या साहाय्याने मोजावा लागतो. साहजिकच जमिनीची किरकोळ कंपनेही मोजमापात व्यत्यय आणतात. लिव्हिंगस्टन येथे भोवतालच्या जंगलातील वृक्षतोड व जाणाऱ्या रेल्वेगाड्या यांचा त्रास झाल्याने कंपनरोधक यंत्रणा अधिक सक्षम करावी लागली. तेथेच २००६ मध्ये जनतेसाठी विज्ञान शिक्षण केंद्रही सुरू झाले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अशा वेधशाळेच्या परिसरात अवजड वाहतूक, खाणकाम, सुरुंग यांविषयीचा विवेक शेजारच्या गावांच्या सहकार्याशिवाय शक्य नाही. ज्यांच्या परिसरात प्रकल्प येतो त्यांना त्याचे प्रयोजन, मर्यादा व परिणाम यांविषयी विचारण्याचा अधिकार आहे; आणि त्यांना समाधानकारक उत्तर मिळणे ही प्रयोगाचीही गरज आहे. केवळ गौरवपर भाषणांनी ही गरज भागत नाही.

महाविद्यालयांची भूमिका

हे कार्य मुख्यतः स्थानिक प्राध्यापकांनाच करता येण्यासारखे आहे. त्यासाठी पुढील बाबी उपयुक्त ठरतील :

१. व्याख्यानापूर्वी गावांतून व वर्गांतून प्रश्न गोळा करून ते वक्त्याकडे पाठविणे.
२. भौतिकशास्त्र व मराठी या विभागांनी मिळून पारिभाषिक शब्दांचे सुबोध विवरण तयार करणे.
३. व्याख्यानाइतकाच वेळ प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवणे.
४. भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या अध्यापकांनी जमीन, पाणी व रोजगारविषयक प्रश्नांच्या चर्चेत सहभागी होणे.
५. अनुत्तरित प्रश्नांची नोंद ठेवून त्यांची उत्तरे नंतर श्रोत्यांपर्यंत पोहोचविणे.

समारोप

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे नाव जागतिक विज्ञानाशी जोडले जात आहे. त्या विज्ञानात येथील विद्यार्थ्याचा व शेतकऱ्याचा वाटा केवळ जागा देण्यापुरता राहू नये, यासाठी व्याख्यानाला संवादाची जोड देणे ही जिल्ह्यातील अध्यापकवर्गाची जबाबदारी ठरते.