घर चिमणीचं की गॅलरीचं?

जागतिक चिमणी दिन झाला, परीक्षा संपत आल्या आणि पुण्यातल्या बालशिबिरांच्या जाहिरातींत ‘टाकाऊतून घरटं’ पुन्हा अवतरलं. बुटांचा खोका, वर चमकी, दारापुढे आइस्क्रीमच्या काडीची दांडी. फोटो निघतात, घरटं ग्रीलला लटकतं, चिमणी काही फिरकत नाही. पहिल्या वळवात खोक्याचा लगदा होतो.

चिमणी संपत चालली, हा सूरही थोडा खाली आणायला हवा. पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवरून 2020 साली निघालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात देशभरातली तिची संख्या साधारण स्थिर दिसली. घट होती ती सहा महानगरांत. त्या सहांत मुंबई आहे, पुणे नाही. तरी पेठांतला वाडा पडला की तिची जागा जातेच. तुळयांच्या फटी, कौलांखालच्या खाचा, तिरक्या टांगलेल्या तसबिरींमागचा कोपरा, हे सगळं एकदम जातं आणि गुळगुळीत गिलावा उभा राहतो. म्हणून पेटी लावण्यात अर्थ आहे, पण पोकळीत घर करणाऱ्या पक्ष्यांसाठीच. बुलबुल, शिंपी, शिंजीर तुमच्या पेटीकडे ढुंकूनही बघणार नाहीत.

इथे मला अरविंद गुप्ता आठवतात. आयआयटी कानपूरचे अभियंते, टेल्कोत नोकरी. 1978 मध्ये वर्षभराची रजा काढून ते होशंगाबादच्या गावांत विज्ञान शिकवायला गेले आणि कचऱ्यातून खेळणी करण्यातच रमले. पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी पुण्यातल्या मुलांच्या हाती काडेपेट्या, सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळ्या, स्ट्रॉ दिल्या. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांना सजावट जवळजवळ नसतेच. मोटर फिरते किंवा फिरत नाही, निकाल तिथेच लागतो. आपल्या कार्यशाळांनी त्यांच्याकडून कचरा उचलला आणि निकाल तेवढा सोडून दिला. घरट्याची परीक्षक चिमणी असते, आणि तिला चमकी कळत नाही.

तेव्हा खोका बाजूला ठेवा. हापूसची रिकामी लाकडी पेटी घ्या. फळ्या पातळ असतात, दोन-दोन जोडा, म्हणजे उन्हाची झळ आत पोचत नाही. पत्र्याचा डबा आणि प्लास्टिकची बाटली नकोच. एप्रिलमध्ये आत भट्टी होते. दार 32 मिलिमीटरचं. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं; ते फळीवर ठेवून पेन्सिल फिरवायची आणि चहूबाजूंनी अडीच मिलिमीटर वाढवायचं. एवढ्या दारातून पारवा किंवा साळुंकी शिरत नाही. मुलांना मोजपट्टी का शिकायची, हे याहून सोपं करून सांगता येणार नाही. तळाला चार बारीक भोकं, छप्पर उतरतं, एक बाजू स्क्रूनं उघडणारी. आतून रंग नाही. दांडी नाही, चिमणी कडेलाच पंजे रोवते, दांडीची सोय होते ती कावळ्याची. पेटी झोके घेत लटकवू नका. आठ-दहा फुटांवर, मांजर पोचणार नाही अशी, दुपारचं ऊन टाळून भिंतीला पक्की ठोका.

बाटलीला चमचे खोचून केलेल्या ‘फीडर’बद्दल मात्र माझा उत्साह शून्य आहे. बाजरी सांडली की चिमणीआधी पारवे हजर, आणि मग सोसायटीत भांडण. मुंबईत 2025 मध्ये कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयात पोचला, तो आपल्या गॅलरीत कशाला आणायचा? शिवाय चिमणीच्या पिल्लांना लागतात अळ्या आणि किडे. कुंड्यांवर औषध मारणं थांबवा, आणि एका परळात रोज ताजं पाणी ठेवा.

पेटीत वर्दळ सुरू झाली की ती उघडायची नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. सफाई दिवाळीच्या सुमारास, पेटी रिकामी असल्याची खात्री करून. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर सालिम अलींचा. त्यामधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. शाळांना कार्यशाळा घ्यायचीच असेल तर तेव्हा घ्यावी. मार्चमध्ये घाईघाईनं ठोकलेल्या पेटीपेक्षा नोव्हेंबरात लावलेली पेटी चिमण्यांच्या ओळखीची व्हायला चार महिने जास्त मिळतात.